उभ्यानं घेतलेलं माप

डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडापुढे धरली आणि म्हणाले, "क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा." मी आणि माझा नवरा सुधीर, दोघांनी एकदम माना डोलावल्या. कळलं दोघांनाही नव्हतं.

मग त्यांनी सोपं करून सांगितलं. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साठलंय. एकदम नाही, आठवडेच्या आठवडे झिरपत. त्या रक्तानं मेंदू एका बाजूनं दाबला गेलाय, म्हणून आबा बडबडतात, पाय ओढतात, माणसं ओळखत नाहीत. हा म्हातारपणाचा विसर नव्हे. कवटीला दोन भोकं पाडून रक्त काढलं तर माणूस बरा होऊ शकतो. पण फार थांबता येणार नाही, उद्या सकाळीच करू.

आनंद व्हावा की भीती वाटावी, मला कळेना. दोन महिने मी ज्याला म्हातारचळ म्हणत होते त्याला चांगलं लांबलचक नाव होतं, आणि इलाजही होता. मला रडू आलं, ते आधी लाजेनं आलं.

आबा म्हणजे माझे सासरे. शिरूरला त्यांचं टेलरिंगचं दुकान. त्याआधी फौजेत होते, तिथंही टेलरच. एकाहत्तरच्या लढाईचं कुणी विचारलं की म्हणायचे, "बाकीच्यांनी गोळ्या झाडल्या, म्या बटणं लावली." सगळे हसायचे आणि विषय संपायचा. सुधीरलाही याहून जास्त माहिती नव्हती.

आम्ही दौंडला राहतो. सुधीर कुरकुंभला एका कंपनीत शिफ्टमध्ये आहे. सासूबाई गेल्यावर आबांना इकडे या म्हणून किती विनवलं, पण त्यांचा पाय मशीनवरून निघेना. एक दिवस दुकानाचं अर्धवट ओढलेलं शटर त्यांच्या डोक्याला लागलं. टेंगूळ आलं, तेल चोळलं, झालं. हृदयासाठी ते रक्त पातळ करायची गोळी घेतात, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. तुमच्या घरात अशी गोळी घेणारं कुणी असेल आणि डोक्याला साधा मार लागला, तरी डॉक्टरांना दाखवा. आमच्यासारखं तेल चोळत बसू नका.

महिन्याभरानं गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले. शाळेच्या गणवेशाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या. पँटची चेन मागच्या बाजूला. मी जाऊन त्यांना दौंडला घेऊन आले आणि वाटेवरच्या न्हावरे गावापासून घरापर्यंत तोंडाचा पट्टा चालू ठेवला. इतकी वर्षं शिवताय, साधी बाही कळत नाही का म्हणून.  घरी आल्यावर हात जोडून मला म्हणाले, "बाई, तुम्ही कोण्या गावच्या?" पुढं पायही ओढायला लागले, तेव्हा कुठं दवाखाना गाठला.

तर ऑपरेशनच्या सकाळी आबा तसे शांत होते. चर्चचे पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले, तिला त्यांनी आमेनही म्हटलं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं की हृदय अशक्त आहे, पूर्ण भूल नको, डोक्याची जागा तेवढी बधिर करू आणि झोपेचं थोडंसंच औषध देऊ. म्हणजे आबा अर्धवट जागे राहणार, आणि त्यांनी टेबलावर हलता कामा नये.

तेवढ्यात सिस्टर आल्या. औषधाच्या हिशोबासाठी वजन आणि उंची लिहायची होती. आबांना उभं राहवत नाही म्हणून त्यांनी झोपल्याजागीच टेप लावली, डोक्यापासून टाचेपर्यंत.

आबांनी टेप हिसकावली, सलाईन उपटलं आणि हिंदीत ओरडायला लागले. "अभी जिंदा है! नाप मत लो!" सुधीर त्यांना धरायला गेला तर त्याच्या तोंडावर चापट बसली. आयुष्यात त्यांनी सुधीरला मारलेलं नव्हतं. तो गाल धरून तसाच उभा राहिला.

आम्ही ख्रिस्ती माणसं. मला वाटलं, ते पुरायच्या पेटीचं माप समजले. म्हटलं, "आबा, पेटी नाही, बिटी नाही, तुम्ही बरे होणार आहात." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू वेडी मीच. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, हे असंच चाललं तर मला हात लावता येणार नाही, आणि उशीर झाला तर त्यांची शुद्ध जाईल.   मी खाटेवर बसले आणि सरळ विचारलं, "आबा, कुणाचं माप?"

ते माझ्याशी नव्हे, चादरीशी बोलल्यासारखं बोलले. "पडल्याल्याचं माप म्या घ्यायचो. डोक्यापास्नं टाचंपत्तुर. पांढरं कापड फाडायचं आन् शिवायचं. साहेब म्हणायचे, टेलर कुठंय? मी जायचो. जित्या माणसाचं माप उभ्यानं घेत्यात. आडव्याचं घेतलं की संपलं."

बटणं लावणारा माणूस मेलेल्या जवानांची कफनं शिवत होता. मी सुधीरकडे बघितलं, सुधीर माझ्याकडे. खरं की मेंदूवरच्या रक्तानं रचलेलं, कसं ठरवायचं? पण ठरवायला वेळ नव्हता. मी सिस्टरांना म्हटलं, टेप द्या आणि यांना उभं करू द्या. त्या पडण्याच्या भीतीनं नको म्हणाल्या. सर्जननी दोन मिनिटं दिली.

सुधीर आणि वॉर्डबॉयचं काम करणारे एक मामा, दोघांनी काखेत हात घालून आबांना उभं केलं. आमच्यात सासऱ्यानं सुनेचं माप घ्यायचं नसतं. माझे ब्लाऊजही त्यांनी नेहमी जुन्या ब्लाऊजवरून बेतले. आणि आता मी सून त्यांच्या छातीभोवती टेप फिरवत होते. छाती, कंबर, गळा. मी मोठ्यानं आकडे सांगत होते आणि सुधीर फाईलच्या मागं लिहीत होता. बाहीपाशी आबांनी माझा हात थांबवला.

"खांद्याच्या हाडापास्नं घे. दंडापास्नं न्हाई."

घेतली. मग त्यांनी विचारलं, कशाला पायजे शर्ट? मी म्हटलं, रविवारच्या उपासनेला घालायचाय. त्यांनी मान हलवली आणि आपणहून स्ट्रेचरवर बसले. आत ते हलले नाहीत, असं नंतर सर्जन म्हणाले. जळक्या इंजिन ऑइलसारखं काळपट रक्त निघालं म्हणे.

दोन दिवसांनी त्यांनी मला नावानं हाक मारली. मी बाहेर जाऊन पोटभर रडले. पाय अजून किंचित ओढतात, शिवण बंद आहे. सर्जन, सिस्टर, उचलणारे मामा, या सगळ्यांचं देणं माझ्याच्यानं फिटायचं नाही.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "म्या काय काय बोललो?" मी सांगून टाकलं.  ते म्हणाले, खरं हाय. आणि असंही म्हणाले की त्यातला एक पोरगा निमोण्याचा होता. शिरूरहून निमोणं गावाला एसटीनं तासभरही लागत नाही. पण पन्नास वर्षांत ते तिकडे गेले नाहीत. "जाऊन काय सांगनार व्हतो? तुमच्या पोराचं माप घेतलं म्हनून?"

टाके निघाल्यावर आम्ही निमोण्याला गेलो. त्या पोराची आई कधीच वारली होती. धाकटा भाऊ होता, तोही सत्तरीचा. आबांनी चहा घ्यायच्या आधीच सांगितलं, अडखळत, दोनदा मागं जाऊन. मला धडकी भरली होती, हा माणूस आता काय म्हणेल. शेवटी आबा म्हणाले, "घाई लई व्हती. पर तुमच्या भावाचं नीट शिवलं. टाका न् टाका."

भावानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आमची आई मरंपत्तुर इचारायची," ते म्हणाले, "शेवटाला माझ्या लेकराजवळ आपल्याकडचं कुणी व्हतं का." मग त्यांनी आबांचा हात धरला. "मंग व्हतं म्हनायचं."