समाधान झालं का, पाव्हणे?

किस्से म्हणजे खाटेतले ढेकूण. एक झटकला की चार निघतात.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर वाटूरजवळच्या एका वृद्धाश्रमात मी स्वयंपाकाला होतो. तिथल्या मॅनेजरला एकच नाद. म्हाताऱ्यांना भेटायला आलेल्या नातेवाईकाला गाठून विचारायचं, "समाधान झालं का?"

*

परतूरचे एक वकील वडिलांच्या जेवणाची तपासणी करायला आले. मी वाटीभर वरण दिलं. नुसत्या वरणावरून कळत न्हाई म्हणाले, मंग भाकर घेतली. मंग भाजी. वडिलांचं ताट साफ करून, ढेकर देऊन म्हणाले, "चव बराबर हाय. पण म्हाताऱ्याला पोटभर देत जा!"

*

वडीगोद्रीची एक सून सासऱ्याची सेवा करायला आली. नाकाच्या खाली पदर, सासऱ्याचं तोंड तिनं जन्मात नीट पाहिलेलं न्हाई. मी मुद्दाम खिडकीजवळची खाट दाखवली. त्या खाटेवर किसनअण्णा होते, ज्यांना भेटायला कुत्रंसुद्धा येत नव्हतं.

बाईनं दुपारभर पाय चेपले. अण्णा हूं न्हाई का चूं न्हाई. शेजारच्या खाटेवर खरा सासरा बघून राह्यला होता, शेवटी खाकरला. ते खाकरणं मात्र सुनेच्या ओळखीचं! ती दचकून उठली, तेवढ्यात मॅनेजर आला. समाधान झालं का?

अण्णाच बोलले, "बिलकुल. फक्त डावा पाय राह्यला."

*

धुरपदाबाई धनगराची. पाय मोडला म्हणून लेक भिवा तिला आणून सोडून गेल्ता. तो आल्याशिवाय म्हातारी धड जेवेना, अन् भिवाला मेंढरं सोडून येता येईना. आमच्याकडं खतासाठी वावरात मेंढरं बसवतात. मी भिवाला निरोप धाडला, आश्रमाच्या वावरात मेंढरं बसवायची हायेत, जल्दी ये. मॅनेजरला विचारतंय कोण!

एका सकाळी अंगणभर मेंढरं. मॅनेजर खुर्चीवर चढला, पण सवय सुटली न्हाई. तिथूनच विचारलं.

"बघून सांगतो," भिवा म्हणाला. त्यानं आईची पापणी उलटून पाहिली, दात पाहिले, बरगड्या चाचपल्या, व्हरांड्यात चालवून पाय पाहिला. बाजारात मेंढरू घेताना पाहतात, बिलकुल तसं.

"पाय बरा झाला. पण सुकलीस, आई."

धुरपदाबाईनं त्याला खाली बसवलं. त्याची पापणी उलटली. बरगड्यांवरून हात फिरवला, अन् तिथंच ठेवला. मंग खुर्चीकडं वर बघून म्हणाली,

"सायेब, माझी खाट याला द्या. दोन टाईम पोटभर खाऊ घाला. मेंढरं म्या बघते."

भिवाच्या हातातली काठी घेतली, जिभेनं टक्‌टक्‌ केलं अन् फाटकातून भायेर पडली. सगळी मेंढरं उठून तिच्या मागं निघाली.