मारुतीला वीस वेळा विचारलेला प्रश्न

अमेरिकेतली लढाई चालू होती, तिकडचा कापूस यायचा थांबला होता आणि वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला होता. त्या काळातल्या एका ज्येष्ठात, पेरणी तोंडावर आलेली असताना, माझ्या थोरल्या साडूंनी बाळापूरच्या वाटेवरच्या मारुतीला एकच प्रश्न एका सकाळी वीस वेळा विचारला. शेतात ज्वारी पेरावी की कापूस, एवढाच तो प्रश्न होता. देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकायच्या, एक उचलायची आणि निघेल ते मानायचं, ही रीत साऱ्या मुलखाची आहे. पण निघालेली चिठ्ठी पुन्हा घडी करून परत टाकणारा माणूस अकोल्यापासून अमरावतीपर्यंत दुसरा झाल्याचं माझ्या माहितीत नाही.

साडू अकोल्याच्या सरकारी शाळेत गणित शिकवत आणि जुन्या शहरात मोर्णेच्या काठाला राहत. त्यांना सगळे मास्तर म्हणत, मीही. शाळा तपासायला आलेल्या एका साहेबाचं जुनं इंग्रजी अंकगणित त्यांच्याकडे राहून गेलं होतं. त्यातल्या शेवटच्या प्रकरणात संभवाची उदाहरणं होती: पिशवीत इतके पांढरे गोळे, इतके काळे, न पाहता एक काढला तर तो काळा निघण्याचा संभव किती. असले गोळे अकोल्यात मिळेनात, म्हणून मास्तरांनी सरकी घेतली, निम्म्या दाण्यांना काजळ फासलं आणि ती पिशवी कायमची अंगरख्याच्या खिशात ठेवली. दूधवाली आली, न्हावी आला, कोणी पत्ता विचारायला आलं, तरी पहिलं वाक्य ठरलेलं असे: "डोळे मिटा आणि एक काढा." माझ्या लग्नात भर पंगतीत त्यांनी ती पिशवी माझ्यापुढे धरली. माझ्या हाती काळी सरकी आली. मास्तर मान हलवून पुढच्या पानाकडे गेले. माझ्या सासऱ्यांनी मात्र त्या संध्याकाळी माझी पत्रिका पुन्हा मागवली.

मी तेव्हा अमरावतीहून कापसाच्या भावाची बातमी मुंबईच्या एका वर्तमानपत्राला पाठवत असे. बाजारात माल पाहायची पद्धत साधी होती. गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस ओढायचा आणि बोटांनी धागा ताणून पाहायचा. एकदा मास्तर माझ्याबरोबर आले आणि त्यांनी एका गठ्ठ्यातून वरची, मधली, खालची, डावी, उजवी अशा मुठी काढायला सुरुवात केली. एकीत पाला आणि माती निघाली, बाकीच्या स्वच्छ. मास्तर गठ्ठ्याशेजारीच बसले. "आता गठ्ठा वाईट आहे की ही मूठ वाईट आहे?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, मूठ. ते म्हणाले, "कशावरून?" मी म्हणालो, मग गठ्ठा. ते म्हणाले, "हेही कशावरून?" तोवर निम्मा गठ्ठा त्यांच्या भोवती पसरला होता. मालाचा मालक हात जोडून उभा राहिला. "मास्तर, असं करून राहिले तर गठ्ठ्यात गठ्ठाच उरत नाई ना बाप्पा! घ्या नाईतर सोडा, पन उठा." मास्तर उठले. सगळा गठ्ठा पाहिल्याशिवाय गठ्ठ्याविषयी बोलता येत नाही आणि सगळा पाहिला तर बोलण्यासारखं काही राहत नाही, असं ते मला वाटभर सांगत होते. मी होकार देत होतो. कशाला देत होतो ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

जे शिकवत त्याच्या बरोबर उलट वागणं हा त्यांचा आणखी एक विशेष. कवड्या कितीही वेळा उताण्या पडल्या तरी पुढच्या खेपेला त्या पालथ्याच पडतील असं मानू नये, हे त्यांनी शाळेतल्या प्रत्येक वर्गाला बजावलं होतं. पण परतवाड्याला जाताना भाड्याच्या एका बैलगाडीचा आस दोन वेळा मोडला, तेव्हा तिसऱ्या खेपेला तीच गाडी त्यांनी मुद्दाम मागून घेतली. "दोनदा मोडून झाला, आता हिची पाळी गेली," असं म्हणून ते निर्धास्त झोपले. आस गावाबाहेरच मोडला. "कवड्यांचं वेगळं," ते चिखलात उभे राहून म्हणाले, "कवडीवर मी कधी बसलो नव्हतो."

घरात त्यांची आत्या होती. आई लहानपणीच गेली, त्यामुळे या विधवा आत्याने त्यांना वाढवलं होतं. शेत वडिलोपार्जित होतं, आणि पेरायचं काय हा आत्याचा शब्द असे. शेत बटईने, म्हणजे निम्म्या वाट्याने, करणारा बटईदार जवळच्याच गावचा. एका वर्षी ज्वारीच्या सोंगणीला सगळे अंगणात जेवायला बसले आणि मास्तरांना सरासरीची हुक्की आली. त्यांनी भाकरी मोजल्या, माणसं मोजली आणि प्रत्येक ताटात अडीच भाकरी ठेवून वर कोणाला वाढू दिलं नाही. आत्याला एकसुद्धा जड जात असे, बटईदाराला पाच लागत. "माह्या पुढे भाकर वाळून राहिली आन् हा भाऊ उपाशी उठून राहिला," आत्या म्हणाली, "हे कोन्तं गनित रे?" मास्तर म्हणाले, "सरासरीने दोघंही जेवलात." बटईदार हळूच म्हणाला, "मंग मास्तर, सरासरीनं तुमची भाकर मी खातो." आणि त्याने खाल्ली.

त्या ज्येष्ठात मात्र प्रकरण गंभीर होतं. आजूबाजूची सारी वावरं कापसाखाली जाणार होती. बटईदार म्हणत होता, पराटी, म्हणजे कापूसच, पेरू. आत्या म्हणत होती, ज्वारी. लहानपणी धान्य न मिळाल्याने माणसं गाव सोडून गेलेली तिने पाहिली होती. "कापूस काय चावून खाता येते काय?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारी. दोघांपैकी कोणी हटेना, तेव्हा निकाल मास्तरांवर आला आणि मास्तरांनी तो मारुतीवर टाकला.

मीही तेव्हा अकोल्यात होतो, म्हणून आम्ही सगळेच देवळात गेलो. गुरवाने डोळे मिटून चिठ्ठी उचलली. ज्वारी निघाली. आत्याने हात जोडले. "झालं. चाला आता घरी."

"आत्या, थांब," मास्तर म्हणाले. "दोनातली एक निघणारच होती. देव बोलला की नुसता हात चालला, हे एका खेपेत कळत नाही. ही धरून वीस वेळा काढू. देवाचं मन एकीकडे असेल तर तीच जास्त निघेल."

"मास्तर," गुरव म्हणाला, "देवाले वीसदा इचारत असते काय? मी तुमाले वीसदा इचारलं, जेवले काय, जेवले काय, तर तुमी राग नाई धरान?"

पण वीस वेळा काढल्या. बटईदार खडे मांडून मोजत होता. वाटेवरचे लोक थांबले, ज्वारीवाले आणि कापूसवाले असे दोन तट पडले, प्रत्येक चिठ्ठीला ओरडा झाला. शेवटी ज्वारीचे दहा खडे झाले, कापसाचे दहा. मास्तरांनी खडे स्वतः पुन्हा मोजले. मग म्हणाले, "मारुतीला यावर काही म्हणायचं नाही."

"म्हनायचं होतं," गुरव म्हणाला. "पयल्या खेपेलेच सांगतलं त्यानं. मंग तुमी आयकलं नाई, तर तो चूप बसला."

मास्तरांचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा मी पुन्हा पाहिला नाही. पहिल्यांदा देव बोलला आणि नंतरच्या एकोणीस खेपांना नुसता हात चालला, असं असू शकतं की नाही, याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. आणखी एकदा काढू, असं ते म्हणेपर्यंत गुरवाने नैवेद्यासाठी दार लावून घेतलं होतं. बटईदार म्हणाला, "मंग अर्ध्यात जवारी, अर्ध्यात पराटी."

"अर्ध्याचं नाव काढू नको," आत्या म्हणाली. "याची अडीच भाकर मी भोगली हाय. मले सांग, तुह्या घरच्या वावरात काय?"

"पराटी."

"तुह्या भावाच्या?"

"पराटीच."

"मंग तुहे पोरं काय खातीन?"

बटईदाराने खडे गोळा करून वाटेच्या कडेला टाकले. शेतात ज्वारी पडली.

त्या हंगामात बाजारात ज्वारी मिळेनाशी झाली. लोक आत्याच्या दाराशी येत आणि ती कणगीतून मापाने काढून देई. बटईदाराच्या भावाची बायको सर्वांत आधी आली होती. मास्तर मात्र अस्वस्थच होते. "बरोबर निघालं म्हणून ते बरोबर होतं, असं होत नाही," ते म्हणत. आत्या म्हणे, "जेव आधी."

पुढच्या चैत्रात आत्या गेली. लढाई संपल्याची बातमी आली, भाव कोसळला, मग थोडा सावरला, आणि लोक पुन्हा कापूसच पेरू लागले. ज्येष्ठात मास्तर मारुतीला निघाले तेव्हा मी बरोबर होतो. त्यांनी दोन चिठ्ठ्या टाकल्या, गुरवाला एकदाच उचलायला सांगितली, ती हातात घेतली आणि न उघडता मारुतीच्या पायाशी ठेवली.

"उघडा ना, मास्तर," मी म्हणालो.

"एका चिठ्ठीवरून काय कळणार, साडूबुवा?" ते म्हणाले आणि वहाणा घालायला बाहेर गेले. गुरवाने माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठी त्यानेही उघडली नाही.

बटईदार पारावर बसला होता. मास्तर दिसताच, काय निघालं ते न विचारताच, तो पेरणीचं बी काढायला उठला. तेव्हापासून दर ज्येष्ठात मास्तर एक चिठ्ठी काढून घेत आणि मिटलेली ठेवून परत येत. मी शेवटचा बाळापूरच्या वाटेने गेलो तेव्हा दोन्ही बाजूंना कापूस होता. मास्तरांच्या शेतात ज्वारी उभी होती.