अंधाऱ्या खोलीतली झाडं

साठ सालाच्या आसपास आम्ही भिलाईच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो, तेव्हा भिंती इतक्या नव्या होत्या की टेकलं तर पाठीला चुना लागायचा. कारखान्यात भट्ट्या एकेक करून पेटत होत्या आणि इकडे घरांच्या ओळी वाढत होत्या. सगळी घरं सारखी. दोन खोल्या, पुढे वरांडा, मागे अंगण. आमचे हे एकदा ड्यूटीवरून येऊन सरळ पुढच्या ओळीतल्या घरात शिरले आणि तिथल्या तेलुगू बाईंना म्हणाले, "चहा टाक." त्या दिवशी मी ठरवलं, आपलं घर आपलं दिसलं पाहिजे. घरात झाडं हवीत.

अंगणात काही टिकत नव्हतं. आजूबाजूच्या गावांतली गुरं रोज फेरी मारून जात आणि जे दिसेल ते फस्त करत. मग घरातच लावायची, तर घरात अंधार. यांची कारखान्यातली पाळी बदलत राहायची, दिवसा झोपायचे, म्हणून पुढच्या खोलीच्या खिडकीला घोंगडी टांगलेली. नळाला पाणी दोन वेळा, तेही त्याच्या मर्जीनं. मी शाळेत शिकवायला जाई. म्हणजे मला असं झाड हवं होतं ज्याला ऊन नको, पाणी नको आणि मीही नको. हे म्हणाले, "मग कागदाची फुलं आन ना!" मी हट्टाला पेटले होते.

समोर केरळची एक नर्स राहायची. तिच्या घरात मात्र झाडं मजेत होती. मी विचारलं, तर तिनं तिच्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "जो भूलने से भी जिंदा रहता, वो लो." तिनं तीन झाडं दिली. एक मनीप्लांट, बाटलीतल्या पाण्यात ठेवायचा. एक कोरफड. आणि तिसरं तलवारीसारख्या उभ्या पानांचं, कडेला पिवळी रेघ असलेलं. त्याचं नाव तिलाही ठाऊक नव्हतं. वनस्पती तुपाच्या डब्यांना खाली भोकं पाडून, हिरवा रंग देऊन मी बाकीची दोन झाडं खोलीत मांडली. खोली एकदम शहाणी दिसायला लागली. शाळेतून आले की मी काही ना काही निमित्तानं तिथून जायची.

त्याच उन्हाळ्यात सासूबाई आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. भंडाऱ्याकडचं धानाचं गाव त्यांचं. आदल्या वर्षी सासरे गेले, शेत चुलत दिरांनी कसायला घेतलं आणि आत्याबाई त्या घरात एकट्या राहिल्या. तापानं पडल्या तेव्हा दोन दिवस कोणाला पत्ता नव्हता. म्हणून यांनी त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं. पण त्यांचं मन इथं लागेना. "हे का घर होय? इथं मले करासाठी काईच नाई," म्हणून दारात बसून राहायच्या. माझी आई लहानपणीच गेली. घरात एक मोठं माणूस असावं, आपल्यावर ओरडावं, अशी मला फार हौस होती. त्या राहतील की जातील, याचा मला घोर लागला होता.

झाडं पाहून त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "ना फूल, ना फळ. याले कावून पोसून राहिली तू?"

"शोभेसाठी, आत्याबाई."

तलवारीच्या पानांना हात लावून म्हणाल्या, "हे तं घायपातावानी हाय. वाख निंगन याचा, दोर वळता येतीन." दोराच्या आशेनं का होईना, त्यांनी झाडं हाती घेतली. मला वाटलं, जमलं!

पावसाळा लागला आणि काही दिवसांनी खोलीत वास यायला लागला. मी आधी मोरी धुतली, मग यांच्या बुटांवर संशय घेतला. शेवटी डबा उचलायला गेले, तर तो उचलेना, इतका जड. जरा कलवून खाली पाहिलं तर मी पाडलेली भोकं चिकणमातीनं लिंपून बंद केलेली, आणि वर बोटभर पाणी उभं. आत्याबाईंनी डब्याची बांधी केली होती, धानाचं खाचरच! जन्मभर धान केलेलं माणूस. बांधाला भोक दिसलं की बुजवायचं, पाणी वाहून जाऊ द्यायचं नाही, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. कोरफड तर हात लावताच बुडातून निघून आली. दुसऱ्या झाडाची मुळं कुजून काळी झाली होती. पाण्यातच राहायला सांगितलेला मनीप्लांट तेवढा आनंदात होता.

मला हसूही आलं आणि रडूही. पण आत्याबाईंचा चेहरा पाहिला आणि हसू पळालं.

"माह्या हातानं झाड मेलं," त्या म्हणाल्या. "असं कधी झालं नाई. मले गावाले नेऊन सोडा. इथं माहा हातबी उपेगाचा नाई."

रात्री जेवल्या नाहीत. हे सुट्टी कशी मिळेल ते पाहू लागले. मी सकाळीच नर्सकडे धावले. ती आली, कुजलेला भाग तिनं कापून टाकला आणि चांगल्या पानाचे वीतभर तुकडे करून कोरड्या वाळूत उभे खोचले. म्हणाली, "आएगा. टाइम लगेगा. पानी नहीं देना."

आत्याबाईंचा विश्वास बसेना. "मूळ नाई, डोळा नाई, अन् पानाचा तुकडा कसा जगन? याडी हाय का ते?"

"मग पाहा ना," मी म्हटलं. "पाहून मग जा."

"पायतो," त्या म्हणाल्या. नर्स चुकली की आपण चुकलो, एवढं ठरवायचं होतं त्यांना. गावी जाणं पुढं ढकललं. पाणी घालायचं नाही ही शिक्षा मात्र त्यांना सोसवेना. हात शिवशिवला की तांब्या घेऊन खोलीत जायच्या आणि मनीप्लांटच्या बाटलीत थोडं ओतून यायच्या. शेजारणींना बोलावून ते तुकडे दाखवायच्या. तेलुगू बाईंना तेलुगू येई, आत्याबाईंना भंडाऱ्याकडची झाडी बोली, तरी दोघी तासभर बोलत. दिवाळीत धान कापायला गावचं बोलावणं आलं, तर म्हणाल्या, "पानाचं काय होते ते पाहू दे."

थंडी उतरायला लागली तेव्हा एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. वाळूतून बोटाच्या पेराएवढा कोंब वर आला होता. हिरवागार. कडेला पिवळी रेघ नव्हती. मला जरा वाईट वाटलं. शोभा त्या रेघेतच होती. आत्याबाई मात्र खाली बसून कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

"याचं रूप बदललं," मी म्हटलं.

"बदलनच. दुसऱ्या मातीत आलं तं बदलनच." त्या उठल्या, हात झटकले. "जगलं, हे मोठं."

हे पाळीवरून आले होते. हातात चहाची कपबशी. त्यांनी दबकतच विचारलं, "मग माय, गावाची गाडी पाहू का?"

"पाय," आत्याबाई म्हणाल्या. "तू एकटाच जाऊन ये. माहा पाटा-वरवंटा घेऊन ये. इथं चटनीच होत नाई बरोबर."

यांनी कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, "आणतो, माय." मी स्वयंपाकघरात गेले, पदरानं डोळे पुसले आणि पाट्याला जागा करायला पाण्याचा हंडा सरकवला.