मेंढी घोड्यावर बसून नेवाशाला गेली

एका जागी बसणं माझ्या अंगात नाही. सुरतेच्या कापड गिरणीत लागल्यापासून तीन खाती बदलली. यंदा हिवाळ्यात उजवा खांदा धरला. मुकादम एक पांढरी गोळी द्यायचा. ती घेतली की खांदा गप्प बसायचा, आणि मी दुसरी पाळीही काढायचो. एके दिवशी गोळीचा गुण उतरला आणि हातच वर जाईना. मग रजा टाकली आणि आक्काकडं निघालो. आक्का माझी थोरली बहीण. ती आणि दाजी मेंढरं घेऊन नगर जिल्ह्यात फिरतात. त्यांचा पत्ता म्हणजे नदी. प्रवरेच्या काठानं विचारत ये, एवढाच निरोप होता.

सुरतेहून भुसावळ, तिथून मनमाड, आणि मनमाडला दौंडकडची गाडी. श्रीरामपूरला उतरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, स्टेशनावर पाटी बेलापूरची आहे. मी श्रीरामपूर कधी येतंय म्हणून बसून राहिलो होतो. शेजारच्या कापूसवाल्यानं ढकललं म्हणून उतरलो. बाजारात शेव-भजी खाल्ली आणि एसटीनं कोल्हार गाठलं. दोन्ही बाजूला ऊस, आणि खिडकीतून गुळासारखा वास. कोल्हारच्या स्टँडावर पेरू घ्या. चहासुद्धा बरा मिळतो, फक्त कप लहान.

नदीकाठच्या एका रानात मेंढरं बसली होती. रात्री जाळीच्या वाघरीत मेंढरं कोंडायची, त्यांच्या लेंड्यांनी रान खतवायचं, आणि मालकानं त्याबद्दल धान्य द्यायचं, असा आमचा धंदा. नेवाशाजवळचा एक शेतकरी नांगरटीआधी रान बसवून घेणार होता. उशीर झाला की तो दुसरा कळप बघणार. आणि नेमकी चांदी लंगडत होती.

चांदी म्हणजे कळपाची म्होरकी. तिच्या गळ्यातल्या घंटेमागं सगळा कळप चालतो. पुढचा पाय तिनं उचलूनच धरला होता. दाजी विळा तापवून डाग द्यायच्या तयारीत होते. आक्का म्हणाली, आधी दवाखाना. मग चांदीला डाव्या खांद्यावर टाकून मीच कोल्हारच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी खूर कोरला, बाभळीचा काटा काढला. पू निघाला. पट्टी बांधली आणि मांडीत सुई दिली. म्हणाले, "सूज उतरेल. दोन-तीन दिवस हिला दुखणं कळायचं नाही. पण चालवू नका. आतली जखम अजून ओली आहे."

सकाळी धुक्यात चांदी चारही पायांवर उभी. हिसका देऊन कळपाच्या पुढं गेली आणि घंटा वाजायला लागली. दाजींचा चेहरा खुलला. त्यांनी मला बिऱ्हाड घोड्यावर लादायला सांगितलं. "डॉक्टर लई भारी हाय," दाजी म्हणाले, "आता सरळ नेवासा."

आक्का चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "दुखत न्हाई म्हंजी बरी झाली व्हय? माझी दाढ लवंग धरली की गप व्हती. म्हनून काय किडकी दाढ नवी झाली?"

दाजी म्हणाले, "तू कवा डाक्तरीन झालीस?"

"लंगडत हुती तवा तिचं तीच जपत हुती. आता तिला कळंना. मग आपुन नगं का कळून घ्यायला?"

चांदीला मागं ठेवावं तर कळप पुढं सरकत नाही, चालवावं तर पाय जातो, आणि थांबावं तर रान जातं. आक्का उठली. घोड्यावरची गोधडी, भांडी, कोंबड्यांची दुरडी तिनं खाली उतरवली आणि चांदीला घोड्यावर चढवून पोटाखालून पट्टा आवळला. भांड्यांची पाटी आक्काच्या डोक्यावर, गोधडी दाजींच्या पाठीवर, दुरडी माझ्याकडं.

त्या वाटेवर आमची लई थट्टा झाली. एका गावात पारावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पाव्हणं, मेंढी सासरला चालली का माहेरला?" दाजींनी मान वर केली नाही. माझ्या दुरडीतला कोंबडा तेवढा उत्तर देत होता. कालव्याच्या कडेनं वाट सावलीची आहे. आम्ही ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि उसाचं कांडं खाल्लं. घोड्यावर घंटा वाजत राहिली आणि कळप तिच्यामागं निमूट येत राहिला.

खरी कसोटी प्रवरा ओलांडताना, उतारावर लागली. गुडघाभर गार पाणी, पण मेंढरू पाण्याला भितं. सगळी काठावर अडली. दाजींनी घोडं पाण्यात घातलं. पलीकडच्या काठावरून चांदी एकदा ओरडली आणि कळप धाडदिशी पाण्यात उतरला.

नेवाशाच्या रानात एक रात्र गेली आणि सुईचा गुण उतरला. आक्कानं पट्टी सोडली. जखम कोरडी होती. चांदीनं पाय उचलला, हळूच टेकला, पुन्हा उचलला, आणि मग टेकून ठेवला. दाजींनी मुठीतली ज्वारी तिच्यापुढं धरली. नेवाशाला जाल तेव्हा ज्ञानोबांच्या खांबाचं दर्शन घ्या. मी घेतलं आणि तिथूनच एसटी धरली.

सुरतेला आलो. खांदा अजून दुखत होताच. मुकादमानं गोळी दिली आणि म्हणाला, आता दुसरी पाळी काढ. गोळी मी घेतली. दुखणं थांबलं, आणि मी खोलीवर जाऊन आडवा झालो.