गाळणी सैल ठेवा, बाई

दिगंबरभाऊ गेल्याचा निरोप शाहपूरला बुऱ्हाणपूरच्या बसच्या कंडक्टरने आणला. शाळेच्या दारात मी हातात खडू धरून तशीच उभी राहिले. ज्या माणसाशी इतकी वर्षं रोज सकाळी बिनतारी बोलले, त्याची बातमी बसने यावी...

भाऊ बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात राहायचे, तारघरात नोकरीला. हौशी रेडिओचं, म्हणजे घरच्या सेटवरून बिनतारी गप्पा मारायचं वेड तेव्हापासूनचं. नागपूर सुटून भोपाळ राजधानी झाली, त्या दिवसांत जो तो आपण आता कुठले याची चर्चा करायचा. भाऊ म्हणायचे, "आपली मोर्सची डिट-डा ना मराठी, ना हिंदी. चालू द्या." मी तेव्हा नवी मास्तरीण. मोर्स त्यांनीच शिकवलं, तेही टिंबं-रेघा कागदावर काढू न देता. "कागद ठेवा बाजूला. भजन पाठ करता ना, तसं कानानं करा." परवाना मिळाला तेव्हा माझ्यापेक्षा त्यांनीच जास्त पेढे वाटले.

त्यांची खरी बोलणी खाल्ली ती गाळणीवरून. रेडिओतली खरखर गाळून एकच स्वर कानी ठेवणारं जे बटण असतं, त्याला ते गाळणी म्हणत. नवशिक्याला ती आवळून बसायची भारी हौस, कारण कानाला बरं वाटतं. "बाई, आधी दरवाजा पूरा खोला. कोन आलं ते पाहा, मग लावा. आवळून बसाल तर बाजूनं हाक मारनारा कळनारच नाही." आता बाजूने हाक मारणारे बहुतेक वेळा तेच असत. त्यांच्या घरी बांधलेल्या म्हाताऱ्या सेटचा स्वर सेट तापेपर्यंत ठरल्या जागेवरून बाजूला सरकायचा, आणि नवा घ्या म्हटलं की रुसायचे.

त्या शेवटच्या सकाळी केळीच्या बागांतल्या पंपांच्या मोटारी सुरू होत्या. रेडिओत नुसती करकर. वैतागून मी गाळणी आवळली आणि वाट पाहत बसले. भाऊ आले नाहीत. न कळवता दांडी मारली म्हणून मला रागच आला... दुपारी ते गेले.

तेराव्याला वहिनींनी त्यांची नोंदवही माझ्या हाती दिली. "पानापानावर तुम्हीच आहात," त्या म्हणाल्या. मारलेली प्रत्येक हाक लिहायची, उत्तर येवो न येवो, हा भाऊंचा नियम. शेवटची नोंद त्याच सकाळची होती: "शाहपूरला तीनदा हाक. उत्तर नाही. बाईंनी गाळणी आवळली असणार. उद्या सांगतो."

ती बोलणी मला खायची होती. अजून खायची आहेत.

आता सकाळी सेट लावते, गाळणी पूर्ण सैल करते. मोटारींची करकर खोलीभर होते. शेजारची सून दारातून म्हणते, "ताई, जरा कमी करा ना ते." मी तिला चहा देते, आणि बटणाला हात लावत नाही.