कापशाचे केस

मास्तरांनी उभा जन्म काळे कोट शिवण्यात घालवला. दुकान कोर्टाच्या मागच्या गल्लीत, त्यामुळे गिऱ्हाईक सगळं वकिली पेशातलं. बोलणं मोजकं, टाका बारीक, आणि शिवलेल्या कोटावर एक सुटा धागा दिसला तरी त्यांना घास गोड लागत नसे.

मेहुणे वारले आणि थोरली बहीण दुकानावरच्या घरात कायमची राहायला आली. तिला सगळी गल्ली अक्काच म्हणू लागली. येताना तिनं दोन बॅगा आणि एक पांढराशुभ्र बोका आणला. त्याचं नाव कापशा. इस्त्रीच्या टेबलावर तयार कोटांची उबदार चळत असायची. कापशानं पहिल्याच दिवशी तिच्यावर ठाण मांडलं. आणि झडायचा तरी किती! इतके केस गळूनही हा टकला कसा होत नाही, हे मास्तरांना न सुटलेलं कोडं होतं.

आठवड्याभरात एक वकीलसाहेब आले. म्हणाले, "मास्तर, काल तुमचा नवा कोट घालून उभा राहिलो आणि न्यायाधीशांना शिंका सुरू झाल्या. सतरा मोजल्या मी. शेवटी सुनावणी महिनाभर पुढे गेली."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माफ करा साहेब. द्या इकडे, साफ करून देतो."

"साफ कशाला? मला असाच आणखी एक हवाय. माझी बाजू पार लंगडी आहे हो. तारीख मिळाली की देव पावला."

बातमी कोर्टभर झाली. ज्यांच्या अशिलांचं काही खरं नव्हतं, ते सगळे मास्तरांच्या पायऱ्या चढू लागले. माप देताना हळूच विचारत, "बोका बसलेलाच मिळेल ना?" धंदा वाढला, पण मास्तरांची मान खाली गेली. आपली शिलाई कुणालाच नकोय, बोक्याचे केस हवेत, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

ते पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदारानं आधी तारांचा ब्रश दिला. अक्कानं तो स्वतःच्या हातावर ओढून पाहिला. "हा कढया घासायचा आहे," ती म्हणाली. कापशाचंही तेच मत पडलं. तो कपाटावर चढला आणि दोन दिवस खाली उतरला नाही.

मग आली पात्याची फणी. ही आतली दाट लव काढते, असं दुकानदारानं सांगितलं होतं. ती मात्र मास्तरांच्या हाताला अशी बसली, की त्यांना भानच राहिलं नाही. अर्ध्या तासात शेजारी दुसऱ्या बोक्याएवढा ढीग पडला आणि कापशाच्या पाठीवर गुलाबी चट्टा उघडा झाला.

अक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अरे, बोका विंचरायला दिला होता तुला. उसवायला नाही."

त्यानंतर ती तीन दिवस मास्तरांशी बोलली नाही. निरोप द्यायचा तर बोक्याला सांगायची.

मास्तर तिसऱ्यांदा गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, "अहो, त्याला हत्यार दिसलंच नाही पाहिजे," आणि त्यानं रबरी हातमोजा काढून दिला. तळव्यावर बारीक बारीक बोंडं होती. पाठीवरचा चट्टा भरून आल्यावर मास्तरांनी मोजा हातात चढवला आणि नुसतं कुरवाळल्यासारखं केलं. कापशा आधी ताठ झाला, मग लांब झाला, मग सरळ उताणा पडून घुरघुरू लागला. केस रबराला चिकटून अलगद निघत होते. रोज सकाळी मशीनला हात लावण्याआधी अर्धा तास मोजा, आणि टेबलावर स्वच्छ चादर, असा नेम ठरला.

कोट निर्मळ झाले. कोर्टात शिंका थांबल्या, खटले चालू लागले आणि भराभर निकालही लागले. वकील चिडले. "माल पहिल्यासारखा राहिला नाही, मास्तर," ते तोंडावर बोलून दाखवू लागले. एकानं तर काढलेल्या केसांची पुडी मागितली.

जिन्यावरून अक्का म्हणाली, "केस बोक्याचे आहेत. त्यानं कागदावर पंजा उठवला तर खुशाल न्या."

एके दिवशी खुद्द न्यायाधीश झगा शिवून घ्यायला आले. कापशा समोरच बसला होता, मास्तर त्याला हाकलायला धावले. साहेबांनी त्याला उचलून मांडीवर घेतलं, मानेखाली खाजवलं. पण शिंक काही येईना.

"साहेब, तुम्हाला त्रास होत नाही?" मास्तरांनी चाचरत विचारलं.

न्यायाधीशांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "फायलींचा डोंगर असतो हो. एखादी वाचून झालेली नसते. कोटावर केस दिसले की शिंकायला सोपं जायचं. हल्ली तुम्ही फारच स्वच्छ शिवता."

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला. मग म्हणाले, "बाही मनगटापर्यंत ठेवू, की थोडी वर?"

झगा त्यांनी दोनदा झटकून दिला. त्यावर एक केस नव्हता. साहेब फायली घरी नेऊन वाचू लागले, असं कोर्टातला शिपाई सांगत असे.

लंगड्या बाजूचे वकील कोपऱ्यावरच्या दुसऱ्या शिंप्याकडे वळले. त्यानं म्हणे दोन झुबकेदार मांजरी पाळल्या. मास्तरांकडे गिऱ्हाईक निम्मं उरलं, पण ते शिलाई बघून येणारं होतं. अक्कानं स्वतःसाठी डाव्या हाताचा मोजा आणला. आता सकाळी दोघं बहीणभाऊ दोन बाजूंनी बसतात, आणि मधे कापशा डोळे मिटून दोघांकडूनही सेवा करून घेतो.