नानांचं बुटकं स्टूल

नाना गेल्याचं कळलं ते शाळेच्या ग्रुपवर. तासाभरात चाळीस श्रद्धांजल्या जमल्या. कोणीतरी एकाने लिहिलेली, बाकीच्यांनी जशीच्या तशी पुढे ढकललेली. माझीही त्यातलीच. बावीस वर्षं ज्यांच्याबरोबर एका टेबलावर डबा खाल्ला, त्या माणसासाठी मला स्वतःचं एक वाक्य सुचू नये... स्वतःची किळस आली. महिना झाला, अजून जात नाही.

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमची शाळा. नाना आणि मी, दोघेही मराठीचे मास्तर. मी फळ्यावर निबंध लिहून द्यायचो, पोरं उतरवून घ्यायची. चोपड्याच्या स्टँडपलीकडे न गेलेली पोरं ‘माझी सहल’मध्ये महाबळेश्वरची गुलाबी थंडी वर्णायची, सगळी एकाच बसने जाऊन आल्यासारखी. मार्क बरे पडायचे आणि मी त्याला शिकवणं म्हणायचो. नानांची रीत वेगळी. बुटकं स्टूल घेऊन ते बाकाशेजारी बसत, म्हणजे पोर वर आणि मास्तर खाली. आधी तोंडी सांगायचं, तेही घरच्या अहिराणीत. नाना नुसतं ‘मंग?’ विचारत. पोर अडलं की तेही गप्प बसून राहत. सांगून संपलं की मग वही उघडायची.

सातवीतली वनिता अशीच महाबळेश्वर घेऊन आली. “तठे काय खादं?” नानांनी विचारलं. पोरगी अडली. मग म्हणाली, “मी मायसंगे मोहफुलं येचाले गयथू. तठे अस्वल देखं.”

“मंग?”

“मायनी मना तोंडवर हात ठेवा.”

“मंग?”

“हातले मोहना वास येत व्हता.”

“आते हाईच लिख,” नाना म्हणाले.

तिने दीड पान लिहिलं. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही पोराने असं लिहिलं नव्हतं. आणि ते पान मी फाडलं. नाना रजेवर होते, दुसऱ्या दिवशी तपासणी होती, पानभर अहिराणी शब्द होते. मी तिला पुन्हा महाबळेश्वर उतरवायला लावलं. साहेबांनी ‘सुंदर’ असा शेरा मारला. नाना परत आल्यावर एवढंच म्हणाले, “भाऊ, तिनी खरं सांगेल व्हतं रे.” चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शोकसभेतही मला अक्कल आली नाही. वनिता आता नववीत. तिच्या हातात मी लिहिलेलं भाषण दिलं, ‘नाना म्हणजे ज्ञानाचा अथांग सागर’ वगैरे. ज्या माणसाने जन्मभर असल्या वाक्यांचा विटाळ मानला, त्याच्याच फोटोसमोर. तिने न अडखळता वाचलं, टाळ्याही पडल्या. खाली उतरून कागद माझ्या हातात देत ती हळूच म्हणाली, “सर, हाई बठ्ठं खोटं शे.”

परवा नववीच्या वर्गात गेलो. कोपऱ्यात ते स्टूल होतं, त्यावर कोणीतरी जुन्या गाइडांचा गठ्ठा ठेवलेला. तो जमिनीवर टाकला आणि स्टूल घेऊन वनिताच्या बाकाशेजारी बसलो. गुडघे छातीला टेकले. पोरं हसली, हसू दे म्हटलं.

“नाना कसा व्हतात, सांग,” मी म्हणालो.

तिने वरून माझ्याकडे पाहिलं. मीही गप्प बसून राहिलो...

“सांगसू, सर. पन लिखेल पान फाडशात नही ना?”